एमबीएच्या आधी सीएफए काढायचं का? नाशिकमधून तयारी करणाऱ्यांनी हे आधी बघा

टीवायला आलं की कॉलेज बीवायके असो नाहीतर केटीएचएम, ग्रुपमध्ये एकतरी जण असा निघतोच जो म्हणतो एमबीए करायचंय पण आधी सीएफए लेव्हल वन (फायनान्समधल्या तीन लेव्हलच्या आंतरराष्ट्रीय कोर्सची पहिली परीक्षा) काढून घेतो, प्रोफाइल भारी होतं. होतं का? माझं मत सांगतो, प्लेसमेंटच्या वेळी होतं थोडंफार, ॲडमिशनला फार कमी, आणि काही कॉलेजांत तर शून्य. त्यामुळे फी भरायला कार्ड स्वाइप करायच्या आधी एवढं करा.

सगळ्यात आधी कॉलेजांची यादी काढा आणि एकेकाची ॲडमिशन पॉलिसी उघडून वाचा, कंटाळवाणी पीडीएफ असते पण निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना मुंबईचं जमनालाल बजाज नाहीतर सिमस्री हवं असतं. तिथे राज्याची एमबीए सीईटी आणि मग कॅप राउंड, म्हणजे कॉलेज वाटपाची केंद्रीय फेरी, मेरिट लिस्ट पर्सेंटाइलवर लागते, इंटरव्ह्यू नाही, तुमचा रेझ्युमे कुणी उघडतसुद्धा नाही, मग त्यात सीएफए लिहिलंय का आणखी काय लिहिलंय याने काय फरक पडणार. सीईटीला अडीच तासात 200 प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे सगळा खेळ स्पीडचा. ही यादी असेल तर सीएफए आत्ता बाजूला ठेवा आणि मॉक (सराव परीक्षा) द्या, विषय संपला.

आयआयएमचं गणित वेगळं. कॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, दहावी-बारावी-ग्रॅज्युएशनचे मार्क, कामाचा अनुभव आणि मग पीआय, म्हणजे पॅनेलसमोरचा इंटरव्ह्यू. यात गंमत अशी की कॅटच्या एलिजिबिलिटीत सीए, सीएस, सीएमए ही नावं लिहिलेली आहेत, सीएफएचं नाही. त्यामुळे शॉर्टलिस्टमध्ये लेव्हल वनचे वेगळे पॉइंट मिळतील असं धरून चालू नका, त्याचा उपयोग झालाच तर पॅनेलसमोर बसल्यावर.

आता पॅनेलसमोर कुणाला उपयोग होतो ते बघू, कारण खरा फरक इथे आहे. समजा तुम्ही मेकॅनिकल केलंय, अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत क्वालिटीत किंवा प्रॉडक्शनला आहात आणि फॉर्मवर लिहिलंय की फायनान्समध्ये जायचंय, तर पहिला प्रश्न येणारच की बाबा इंजिनिअरिंग करून फायनान्स का. तेव्हा "मला आवड आहे" हे सगळेच म्हणतात. तुम्ही नोकरी करून लेव्हल वन पास केलेली असेल तर तो दाखवायला पुरावा होतो. बीकॉमवाल्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे त्याला फायदा कमी. आणि सीए झालेल्यांनी तर एमबीएच्या ॲडमिशनसाठी म्हणून सीएफए करूच नये असं माझं मत, अकाउंट्सचा बराचसा भाग तुमचा झालेलाय, तोच वेळ कॅटच्या व्हीएआरसीला (इंग्रजीच्या भागाला) द्या, तिथेच मार्क जातात. परदेशातल्या कॉलेजांचं अजून निराळं, तिथे काही ठिकाणी सीएफए बघून जीमॅट ही प्रवेश परीक्षा माफसुद्धा करतात, पण ते कॉलेजागणिक तपासा.

मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स असलं काही डोक्यात असेल तर सीएफएकडे बघूच नका. ऑपरेशन्ससाठी सिम्बायोसिसचं एसआयओएम आपल्या नाशकातच आहे, त्याला स्नॅप ही सिम्बायोसिसची प्रवेश परीक्षा लागते, 60 मिनिटांत 60 प्रश्न.

वेळेचा हिशोब कागदावर मांडा. सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच सांगते की एका लेव्हलला साधारण 300 तास धरा. नोकरी करणारा माणूस रोज दोन तास आणि रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला 17 तास, म्हणजे चार महिने तरी गेले, तेही एकही लग्न अटेंड न करता. हेच 300 तास कॅटला दिले तर पर्सेंटाइल किती हलेल हा प्रश्न स्वतःला विचारा. पहिल्या दोन-तीन मॉकमध्येच 98-99 दिसत असेल तर तुमच्याकडे वेळ शिल्लक आहे, करा सीएफए. 80 च्या आसपास अडकलात तर नाही.

दोन्ही करायचंच असेल तर कॅलेंडर नीट लावा. लेव्हल वनची परीक्षा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी चारदा होते, आणि कॅट बहुतेक नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे नोव्हेंबर बाद. ऑगस्टही नको कारण तोच मॉकचा सीझन. फेब्रुवारीत पीआयचे कॉल सुरू होतात आणि त्याआधी स्नॅप, जानेवारीत झॅट (एक्सएलआरआयची प्रवेश परीक्षा). उरतो मे, आणि तोही कॅटच्या आधीचा मे. जानेवारीत अभ्यास सुरू, मेमध्ये पेपर, पावसाळ्यात निकाल, आणि जूनपासून फक्त कॅट. सीईटीपण द्यायची असेल तर ती पुढच्या वर्षीची धरा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये दोन्हीकडून हाल.

पैशाचं पण बोलू. लेव्हल वनची फी डॉलरमध्ये आहे, अर्ली रजिस्ट्रेशन केलं तरी लाखाच्या आसपास जाते, वर क्लास आणि कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर फक्त टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा 12सी चालतो, घरचा कॅसिओ घेऊन जाऊ नका. पेपर कॉम्प्युटरवर, 180 प्रश्न, सव्वादोन-सव्वादोन तासांची दोन सेशन, मुंबई किंवा पुण्याचं सेंटर धरून चला आणि आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर एवढे पैसे लावायचे नसतात.

एवढे पैसे नसतील तर आधी एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची एखादी परीक्षा द्या, इक्विटी डेरिव्हेटिव्हज किंवा रिसर्च ॲनालिस्टची. दीड हजाराच्या आसपास फी, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, आणि महत्त्वाचं म्हणजे आपल्याला हा विषय खरंच आवडतो का ते कळतं. आयआयएमच्या पॅनेलला त्याचं फार कौतुक नसतं हेही खरं.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरलेला मार्ग म्हणजे आपल्या गावातल्या धंद्याचे आकडे. सुला ही आपल्याकडची वाइन कंपनी डिसेंबर 2022 मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली, तिचा ॲन्युअल रिपोर्ट फुकट मिळतो. तो घेऊन बसा. द्राक्ष वर्षातून एकदाच क्रश होतं, वाइन विकली जाईपर्यंत माल टाक्यांत आणि बाटल्यांत पडून, वर महाराष्ट्र सरकारकडून व्हॅटच्या परताव्याची सबसिडी येणं बाकी, मग पैसा कुठे अडकतो आणि कर्ज कशाला लागतं हे त्या ताळेबंदात दिसतं. घरी किंवा नात्यात कुणी दिंडोरी-निफाडकडून द्राक्ष एक्स्पोर्ट करत असेल तर अजून उत्तम, कंटेनर गेल्यापासून पैसे येईपर्यंत युरो खाली आला तर कुणाचं नुकसान, फॉरवर्ड बुक केलं होतं का, म्हणजे दर आधीच बांधून घेतला होता का, हे त्यांनाच विचारा. कामाचा अनुभव म्हणूनसुद्धा अशा ठिकाणी वर्षभर हिशोब सांभाळलेला माणूस पॅनेलसमोर दहा मिनिटं सलग बोलू शकतो, नुसती लेव्हल वन केलेल्याला ते बऱ्याचदा जमत नाही.

सीएफए केलंच तर रेझ्युमेवर नावापुढे "सीएफए" लावू नका, लेव्हल वन पास एवढंच आणि कधी ते लिहा. चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, मिळायला तिन्ही लेव्हल आणि वर 4,000 तासांचा अनुभव लागतो, तोही किमान 36 महिन्यांत, आणि अर्धवट नाव लावणं त्यांच्या एथिक्सच्या नियमातच बसत नाही, जो तुम्ही लेव्हल वनलाच वाचलेला असतो, त्यामुळे पॅनेलमधल्या सरांनी पकडलं तर काय बोलणार. आणि फॉर्मवर लिहिलं की त्यातलं काहीही विचारतात. व्याजदर वाढला की बाँडची किंमत का पडते, ड्युरेशन म्हणजे काय, हे पीआयच्या आदल्या आठवड्यात परत बघून जा, मेमध्ये पाठ केलेलं फेब्रुवारीपर्यंत डोक्यात राहत नाही.