पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

काम करता करता स्क्रीन एकदम काळी होते, परत विंडोजचा लोगो येतो आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं असतं. दुकानात सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो". नका मारू एवढ्यात. लाईट गेल्यासारखा पटकन बंद होऊन चालू होत असेल तर दोष बहुतेक वेळा करंटच्या वाटेवर असतो, म्हणजे सॉकेट, यूपीएस, एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा), नाहीतर मग उष्णता किंवा रॅम. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरा झाला ते कळतच नाही.

आधी एक सेटिंग. विंडोजमध्ये एरर आली की ती निळी स्क्रीन वाचायच्या आतच पीसी स्वतः रिस्टार्ट होतो, तसं मुळातच सेट केलेलं असतं. सर्चमध्ये 'अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' शोधा, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' च्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची टिक काढा. आता निळी स्क्रीन आली तर थांबेल, मोबाईलने फोटो काढून घ्या. टिक काढूनही थेट रिस्टार्टच होत असेल तर हार्डवेअर धरून चाला.

मग सर्चमधूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडा, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, आणि ज्या वेळेला रिस्टार्ट झाला ती वेळ शोधा. १०७४ नंबर दिसला तर कुणीतरी सांगून रिस्टार्ट झालाय, रात्री अपडेटने केलेला असतो तो हाच, त्यात घाबरायचं काही नाही. 'कर्नल-पॉवर ४१' दिसला म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, बस एवढंच, ते वाचून लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात. त्याच्या डिटेल्समध्ये 'बगचेक कोड' बघा, शून्य असेल तर विंडोजला कळायच्या आतच करंट तुटला किंवा मशीन रिसेट झालं असण्याची शक्यता जास्त, दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली.

आता करंट. कधी रिस्टार्ट होतो ते दोन-चार दिवस कागदावर लिहून ठेवा, खरंच खूप कळतं त्याने. घरच्या पिठाच्या गिरणीचं बटन दाबलं, पाण्याची मोटार लावली, फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की त्या क्षणाला व्होल्टेज खाली जातं, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर पीसी तेवढ्यानेही रिस्टार्ट मारतो. नाशकात मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस आला की लाईटची ये-जा चालूच असते, तेव्हा तर हे हमखास. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, त्यामुळे हिरवा दिवा लागतोय म्हणजे यूपीएस चांगला असं समजू नका. काम सेव्ह करा आणि यूपीएसचा प्लग बोर्डावरून काढून बघा, पीसी लगेच पडला तर बॅटरी गेली. आणि ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर ग्राफिक कार्डवाला पीसी, मॉनिटर आणि वर लेझर प्रिंटर लावलेला असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, प्रिंटर आधी काढा तिथून. यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटला लावून चालवा, रिस्टार्ट थांबले तर सापडलं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का तेपण बघा, येत असतील तर अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नुसतं ब्राउझिंग करताना ठीक आणि गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की रिस्टार्ट, असं असेल तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, त्यातून तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर विचारूच नका. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पण लोड आल्यावर क्षणभर जे पडतं ते मीटरवर दिसतंच असं नाही, म्हणून मित्राकडून पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस आणून लावून बघणं हीच खरी टेस्ट. एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

नाशिक थंड हवेचं वगैरे ठीक आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि रस्त्याकडेच्या घरात धूळ तर रोजची. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा, लोडवर ९५-१०० अंशाला जात असेल तर पीसी बाहेर गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा, मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. पीसी चार-पाच वर्षांचा झाला असेल तर प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्टही बदला.

रॅमचं सोपं आहे, प्लग काढून पट्ट्या बाहेर काढा, सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसा, परत टक आवाज येईपर्यंत बसवा. दोन असतील तर एकेकीवर चालवून बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू असेल तर बंद करून बघा, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा, त्यात एक जरी एरर आली तरी ती पट्टी गेली समजा.

आणि एक भलताच प्रकार, कॅबिनेटवरचं रिसेटचं बटन आत अडकलेलं असतं. मदरबोर्डवरून 'रिसेट एसडब्ल्यू' लिहिलेली बारीक वायर काढून टाका, तिच्यावाचून काही अडत नाही.

एवढं करूनही चालूच असेल तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का बघा आणि मग दुकान गाठा. जाताना तुमची पॉवर केबल आणि यूपीएस दोन्ही सोबत न्या, कारण त्यांच्या केबलवर पीसी दिवसभर मस्त चालतो, ते म्हणतात काही प्रॉब्लेम नाही, आणि घरी आणून लावला की परत तेच.