सशाच्या पिल्लांना अ‍ॅट्रोपिनचे थेंब: सुरू करण्याआधी

लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपिन वर्षानुवर्षं घालतात, म्हणून पिल्लांवरची सुरक्षिततेची चाचणीही लांबच चालते. प्राणी नीतिसमितीची मंजुरी, पिंजरे, खाद्य हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे चला.

ससे रंगीत घ्या, डच बेल्टेड चालतील. पांढऱ्या न्यूझीलंड सशाच्या डोळ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य नसतं आणि अ‍ॅट्रोपिन मेलॅनिनला चिकटून साठतं.

गट पाडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या रक्तातलं अ‍ॅट्रोपिनएस्टरेज तपासा. काही सशांत हे एन्झाइम आनुवंशिक असतं आणि औषधाचा गुणकारी भागच तोडतं. हे १९४३ पासून छापील आहे, तरी गेल्या वेळी तपासणी राहिलीच. असे ससे औषधाच्या गटात गेले की रक्तात औषध कमी दिसतं आणि अहवालात ‘सुरक्षित’ उमटतं. ती सुरक्षितता खोटी! आईबापही तपासा. वयाबरोबर पुन्हा तपासा. एकाच वेताची पिल्लं एका गटात घालू नका, नाहीतर ही आनुवंशिकताच औषधाचा परिणाम वाटेल.

पहिल्या थेंबाआधी बाहुली, डोळ्याचा दाब, डोळ्याची लांबी मोजून ठेवा. दाब आणि बाहुली आधी. पडदा बघायला ट्रोपिकॅमाइड (बाहुली फाकवणारं औषध) घातलं की दोन्ही आकडे बिघडतात.

थेंब मायक्रोपिपेटने, ३० मायक्रोलिटर. खालची पापणी ओढून खळगा करा, मग पापण्या काही सेकंद मिटून धरा. दुसऱ्या डोळ्याला कोरा समजू नका, औषध नाकावाटे अंगात जातं. तुलनेसाठी वेगळे गट ठेवा: एक नुसत्या सलाइनचा, एक औषधाविना पण त्याच प्रिझर्व्हेटिव्हच्या द्रावणाचा, कारण बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःच डोळा सोलवटतं. हातमोजे घाला, तेच हात आपल्या डोळ्याला लागले तर आपलीच बाहुली फाकते.

रोज वजन करा, लेंड्या मोजा. अ‍ॅट्रोपिनने आतडं मंदावतं आणि लेंड्या थांबलेला ससा लवकर दगावतो. बाहुल्या फाकलेल्या असतात, उजेड मंद ठेवा.

रक्त काढताच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, लगेच फ्रीझर. एन्झाइम नळीतही काम करत राहतं. आणि ते अ‍ॅट्रोपिनएस्टरेज तपासलं का?

शेवटी काढलेले डोळे जतन करायला डेव्हिडसन द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये पडदा सुटतो. वरची बाजू टाक्याने खुणावा. अश्रुग्रंथी, तिसरी पापणीही ठेवा. परिणाम ओसरतो का हे बघायला काही ससे औषध थांबवून पुढे पाळा.