विल्यम क्लार्क अभ्यासायचा तर आधी पेढी, मग सिनेट

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचा बँकर हा विषय प्रबंधाला घ्यायचा असेल, तर मोंटानाचा विल्यम क्लार्क (१८३९–१९२५) निवडा. कागदपत्रं भरपूर, भानगडीही भरपूर. फक्त सुरुवात राजकारणापासून करू नका. तसं करणारे आरोप-प्रत्यारोपांतच अडकून पडतात.

१८६३ मध्ये क्लार्क मोंटानातल्या बॅनॅकला रेतीतून सोनं धुवून काढायला आला. पहिल्या हंगामात दीडेक हजार डॉलर सुटले, ते त्याने व्यापारात घातले. पुढे टपालाचं कंत्राट, आणि १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला डिअर लॉजला भागीदारीत बँक. अशा पेढ्यांवर सोन्याचा चुरा यायचा. त्यातली काळी लोहरेती चुंबकाने काढायची, उरलेली फुंकर मारून उडवायची, मग वजन. शुद्ध सोन्याचा सरकारी भाव ट्रॉय औंसाला (सोनं तोलायचं माप, सुमारे ३१ ग्रॅम) २०.६७ डॉलर, पण चुऱ्याचा कस हजारात ८०० असेल तर किंमत साडेसोळाच. नवखे लोक जुन्या वह्यांतले औंस थेट २०.६७ ने गुणतात आणि सगळा हिशेब फुगतो.

खरी कमाई तारणात होती. मोंटानातल्याच ब्यूट या खाणगावच्या विल्यम फार्लिनने चांदीचं खनिज कुटायची गिरणी उभारायला क्लार्कच्या बँकेचं कर्ज काढलं. पैसा पुरला नाही. गिरणी आणि खाण दोन्ही बँकेकडे गेली. क्लार्क १८७२-७३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या खाणशाळेत शिकून आला होता. गहाण पडलेल्या खाणीत काय दडलंय, हे या सावकाराला चांगलंच कळत होतं. म्हणून चरित्रं नंतर. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) दप्तरातली गहाणखतं आणि खाणहक्कांच्या नोंदी आधी वाचा.

आता राजकारण. १९१३ पर्यंत सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, राज्याचं विधिमंडळ निवडायचं, साधारण आपल्या राज्यसभेसारखं. म्हणजे घोडेबाजाराला मोजकीच गिऱ्हाइकं. जानेवारी १८९९ मध्ये फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने, क्लार्कच्या माणसांनी मतांसाठी दिलेले म्हणून ३० हजार डॉलर विधिमंडळापुढे ठेवले. तरी क्लार्क सिनेटवर निवडून आला! या काळातलं एकच वर्तमानपत्र वाचून निष्कर्ष काढू नका. ‘ब्यूट मायनर’ हा पेपर क्लार्कचा, ‘अनाकोंडा स्टँडर्ड’ त्याचा वैरी मार्कस डेली याचा; एकाच तारखेचे दोन्ही अंक शेजारी ठेवा.

कारकीर्दीच्या तक्त्यात मे १९०० जपून भरा. या निवडीबद्दल सिनेटच्या चौकशी समितीचा निकाल विरोधात गेल्यावर क्लार्कने राजीनामा दिला. गव्हर्नर राज्याबाहेर असताना प्रभारी गव्हर्नरने त्यालाच रिकाम्या जागी नेमलं. त्या नेमणुकीवर तो सिनेटमध्ये बसला नाही. १९०१ ते १९०७ ही कारकीर्द नव्या निवडणुकीची, ती वेगळी मांडा.