बाईक १५ वर्षांची झाली? आरटीओत नेण्याआधी घरी काय तपासाल

खासगी मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. मोटार वाहन निरीक्षकाने ती रस्त्यावर चालवण्यालायक ठरवली, तर नोंदणी पुढची ५ वर्षं चालते, आणि मग दर ५ वर्षांनी पुन्हा हेच. लोक याला रीपासिंग म्हणतात. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना पासिंगचं सगळं तोंडपाठ असतं. आपल्यासारख्या घरच्या बाईकवाल्यांवर ही वेळ १५ वर्षांत एकदा येते, त्यामुळे काय बघतात, कशावरून परत पाठवतात, काही ठाऊक नसतं.

माझी २००८ची गाडी पहिल्या खेपेला नापास झाली. मी आधी मेकॅनिककडे साडेचार हजार घातले होते. कार्बोरेटर साफ, नवी बॅटरी, नवा प्लग, गाडी पहिल्या किकला सुरू. साहेबांनी किक मारायलाही सांगितली नाही. चेसिस नंबर वाचता येत नव्हता आणि साडीगार्ड काढलेलं होतं, एवढ्यावर विषय संपला. हे दोन्ही मला घरी, तासाभरात आणि जवळजवळ फुकटात कळलं असतं. म्हणून खालचा क्रम मेकॅनिककडे जायच्या आधीचा आहे.

१. आरसीवरची तारीख बघा

नोंदणीची मुदत आरसीवर छापलेली असते. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात, म्हणजे वर्षभर झोपलात तर ३,६०० रुपये. नूतनीकरणाची फी १,००० रुपये, गाडी २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २,०००. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, दुचाकीला ५ वर्षांचे २,००० रुपये. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरताना एकूण रक्कम समोर येते, ती पाहूनच पैसे भरा.

मुदत संपलेली गाडी 'दोन दिवस चालवतो, काय होतंय' म्हणून चालवू नका. कायद्याच्या दृष्टीने ती बिगरनोंदणीची गाडी ठरते आणि पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडत बसणं वेगळंच.

२. कागद

अर्ज नमुना २५ मध्ये. सोबत आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा. थकीत ई-चलान आधीच निकाली काढा.

दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. एक म्हणजे मोबाइल नंबर. १५ वर्षांपूर्वी दिलेला नंबर आता कुणाकडे आहे देव जाणे, आणि ओटीपी तिकडेच जातो. तो आधी बदलून घ्या. दुसरं, गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील आता नाहीत. मुंबईत घरोघरी अशी एक गाडी असतेच, भावनेपोटी ठेवलेली. आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्यासाठी नमुना ३१ भरतात. ते काम मृत्यूनंतर ३ महिन्यांत करायचं असतं. राहिलं असेल तर रीपासिंगच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा आजच सुरू करा.

३. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर

माझ्या मते हीच सगळ्यात मोठी पायरी, आणि हिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. निरीक्षकाला आधी खात्री करायची असते की समोरची गाडी आरसीवरचीच आहे. चेसिस नंबर बहुतेक मोटरसायकलींवर हँडलखालच्या जाड पाइपावर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागावर. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि आरसीवरचा एकेक अक्षर-आकडा जुळवून बघा.

प्रभादेवीला आमच्या चाळीच्या पटांगणात गाडी १२ पावसाळे उभी होती. समुद्राचं खारं वारं लोखंडाला काय करतं ते बाल्कनीच्या गजांवर दिसतंच, चेसिस नंबरवरही तेच होतं. वरून वायरींचा गुंता आणि १५ वर्षांचं काळं किटण.

ते काढायला रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, जुन्या टूथब्रशने घासा. पॉलिश पेपर अजिबात मारू नका. माझा मेकॅनिक तेच करायला निघाला होता. खरवडलेला नंबर दिसला की कुणालाही आधी चोरीच्या गाडीचीच शंका येते, आणि नंबरचे उथळ ठसे कायमचे जातात ते वेगळं. साफ झाल्यावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा. नंबर उमटला तर काम झालं. अर्जासोबत चेसिस प्रिंट मागतात ती हीच. नंबर खरंच खाल्ला गेला असेल तर अर्ज भरण्याआधी आरटीओत विचारा. स्वतः पंच मारून घेणं हा गुन्ह्याचा भाग आहे.

रंगही आरसीवर लिहिलेला असतो. काळ्या गाडीला हौसेने मॅट हिरवं रॅपिंग केलं असेल तर ते काढा, नाहीतर बदल नोंदवून घ्या.

४. मेकॅनिकशिवाय बघता येणाऱ्या गोष्टी

संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा, म्हणजे दिव्यांचं सगळं दिसतं. हेडलाइट खाली-वर होतो का, चारही इंडिकेटर लागतात का, मागचा दिवा, नंबर प्लेटवरचा दिवा. ब्रेक लाइट पुढच्या ब्रेकवर आणि मागच्या ब्रेकवर वेगवेगळा तपासा. एकाच ब्रेकवर लागतो आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो, ही फार नेहमीची गोष्ट. मागे लाल रिफ्लेक्टर शाबूत हवा. आरसे हवेत, कॉलेजच्या पोरांनी काढून टाकले असतील तर परत लावा. हॉर्न साधा, एका सुराचा.

साडीगार्डबद्दल सविस्तर सांगतो, कारण मी त्यावरच आपटलो. मोटार वाहन नियमांमध्ये हे स्पष्ट आहे: मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. 'साडी कोण नेसतं आता' असं मी साहेबांना म्हणालो. ओढणी आणि रेनकोट तर घालतात ना, असं उत्तर आलं. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१. प्लेटची नोंदणी पोर्टलवरूनच करा, नाक्यावर बसून तशीच दिसणारी प्लेट ठोकून देणारे बरेच आहेत. ४१४१ चं 'दादा' केलेली प्लेट घेऊन जाऊ नये हे सांगायला नको, पण तशी गाडी रांगेत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

५. चाक, ब्रेक, हँडल

टायरच्या खाचा दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोल लागतात. मोजपट्टीची गरज नाही. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला असेल तर बदला. खाच शिल्लक असूनही टायर बाद असू शकतो: कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर रबर वाळलं. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. असा टायर घेऊन कुठेच जाऊ नका.

ड्रम ब्रेक असेल तर ड्रमच्या प्लेटवर छोटा बाण असतो. ब्रेक दाबला की बाण तिथल्या खुणेच्या पुढे सरकत असेल तर ब्रेक शू संपले. नट आवळून उपयोग नाही. डिस्क ब्रेकच्या पॅडवर खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड बदला. लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखा लागत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा आहे.

मुंबईच्या खड्ड्यांचा हिशेब कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर निघतो. गाडी मेन स्टँडला लावा, कुणालातरी मागची सीट दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल अगदी हळू इकडून तिकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. मग पुढच्या फोर्कचे खालचे पाइप धरून मागे-पुढे हलवा. टक-टक वाजलं तर तो सैल आहे. फोर्कच्या चकचकीत दांड्यांवर तेलाची कडी दिसली तर ऑइल सील फुटलं. ते तेल खाली ब्रेकपर्यंत पोचतं, म्हणून त्याला किरकोळ समजू नका. मागचं चाक धरून आडवं हलवून बघा. चेनला ताण किती हवा हे बऱ्याच गाड्यांच्या चेन कव्हरवर किंवा स्टिकरवर लिहिलेलं असतं.

सायलेन्सर कंपनीचा हवा. फटाके फोडणारा लावला असेल तर जुना शोधून परत बसवा. पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

६. पीयूसी

२०१७च्या आधीच्या बीएस-३ (प्रदूषणाचा जुना निकष) गाड्यांना पीयूसी सहाच महिने चालतं, वर्षभर नाही. तारीख बघा. २०००नंतरच्या फोर-स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएमपर्यंत चालतं, तेव्हा बरी गाडी सहज पास होते. तरी आकडा वर गेला तर आधी एअर फिल्टर बघा, चोक अर्धवट ओढलेला नाही ना बघा, आणि इंजिन गरम करून पुन्हा चाचणी घ्या. थंड गाडी थेट नळीला लावली की आकडा वाढतोच. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. ते काम मोठं आहे.

७. पासिंगचा दिवस

मुंबईत ताडदेव एमएच-०१, अंधेरी ०२, वडाळा ०३ आणि बोरिवली ४७. गाडी आदल्या दिवशी धुवा, त्याच सकाळी नको. कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नेमका इंडिकेटर रुसतो. हेल्मेट घाला, सोबत कुणी असेल तर त्यालाही. चेसिस नंबर पुसायला कापड आणि एक स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा. एजंट फॉर्म भरून देईल, रांगेतही उभा राहील, पण सैल कोनसेट त्याच्याच्याने घट्ट होत नाही.

नापास झालात तर हुज्जत न घालता कारणं नीट विचारून लिहून घ्या, सगळी. मी एक कारण ऐकून निघालो होतो, दुसरं गेटवर आठवलं आणि परत गेलो. ब्रिटनमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते, आणि २०१८पासून तिथे दोष धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशा वर्गांत लिहून देतात. पहिल्या दोनांवर गाडी नापास. आपणही घरी यादी करताना तसंच करावं. ब्रेक, टायर, कोनसेट असेल तर गाडी तिथून चालवत न नेता टेम्पोत घाला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत ढकला. रिफ्लेक्टर, आरसा, बल्ब असेल तर बहुधा आरटीओबाहेरच्या दुकानातच काम होतं.

दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जायला लागला तर मोडीत काढण्याचा विचार करा, पण भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. भंगारवाल्याकडे गेलेली गाडी कागदावर तुमचीच राहते, आणि तिचे पार्ट कुठे फिरतील सांगता येत नाही.

पास झालात तर नवं आरसी पोस्टाने घरी येतं. त्याच संध्याकाळी चेसिस नंबर पुन्हा एकदा पुसा आणि त्यावर बोटभर ग्रीस चोळून ठेवा. ५ वर्षांनी पुन्हा तोच नंबर वाचून दाखवायचा आहे.