पोळ्याआधी कोठ्याच्या भेगा बुजवा

श्रावणात पावसानं उघाड दिली की निंदण, डवरणी, कपाशीची फवारणी सगळंच एकदम अंगावर येतं. तरी त्यातला एक दिवस कोठ्यासाठी, म्हणजे ढोरांच्या गोठ्यासाठी काढा, आणि तो पोळ्याच्या आधी काढा. दमट ऊन पडलं की गोचीड झपाट्यानं वाढतात. याच दिवसांत संकरित गाई आणि कालवडी तापानं जाताना मी पाहत आलो आहे. विचारलं तर बहुतेक घरी एकच उत्तर मिळतं, "औषध मारलं होतं ना!" मारलं होतं खरं, पण जनावराच्या अंगावर. कोठ्याच्या भिंतीला कुणी हात लावलेला नसतो.

रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळते आणि अंधारी फट शोधते. मातीच्या भिंतीची भेग, गव्हाणीखालची खाच, दगडी जोत्याचे सांधे, खुंट्याभोवतीची पोकळी. तिथं ती दोन-तीन हजार अंडी घालून मरते. अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण गोचिडांचा लहानसा हिस्सा असतो. अंडी, पिल्लं आणि कात टाकायला लपलेले सगळे भिंतीत आणि जमिनीत. तुम्ही अंगावरचे मारता आणि भिंतीतले उपाशी काही दिवसांत पुन्हा वर चढतात.

रोगही तिथूनच येतो. 1893 साली अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांच्या लाल लघवीच्या तापाचा छडा लावला, तेव्हा हेच दिसलं की आजारी गुराचं रक्त प्यालेल्या मादीची पिल्लंसुद्धा तो रोग निरोगी गुराला देतात. हा जंतू म्हणजे बबेसिया, तो अंड्यांमधून पुढच्या पिढीत उतरतो. थायलेरिया या दुसऱ्या जंतूच्या तापाची तऱ्हा वेगळी. पायांवर पट्टे असलेला, चपळ पळणारा हायलोमा गोचीड लहानपणी आजारी जनावराचं रक्त पितो, गळून भेगेत शिरतो, तिथं कात टाकून मोठा होतो आणि दुसऱ्या जनावराला चावून रोग देतो. म्हणजे दोन्ही रोगांची वाट तुमच्या भिंतीच्या भेगेतून जाते. ती भेग उघडी ठेवून कितीही महागडं औषध आणलं तरी पैसा पाण्यात.

भेगांचं काम असं करा. ढोरं सकाळीच बाहेर झाडाखाली बांधा. कुटार, पोती, जुने दोर, फाटक्या झुली बाहेर काढा. कुजकं असेल ते वावरात नेऊन जाळा. लोखंडी सळईनं भेगा कोरा, भुगा झाडून तोही जाळा. मग पंपाची नळी थेट भेगेत धरून औषध ओघळेपर्यंत मारा. वरवरच्या फवाऱ्यानं भिंत ओली होते, गोचीड मरत नाही. डेल्टामेथ्रीन या गोचीडनाशकाचं कोठ्यासाठीचं प्रमाण अंगावरच्यापेक्षा जास्त असतं, ते बाटलीच्या चिठ्ठीवरून वाचून घ्या. चुना त्याच दिवशी लावू नका, चुन्यानं या औषधाचा जोर उतरतो. चार-पाच दिवसांनी दगडी सांधे सिमेंट-रेतीनं आणि मातीची भिंत घट्ट लिंपून बंद करा. पंधरा दिवसांनी उरलेल्या भेगांत पुन्हा फवारा, कारण अंड्यांवर औषध नीट चालत नाही.

गोचीड भिंतीच्या खालच्या हातभर भागातच असतात असं बरेच जण धरून चालतात. मला ते गव्हाणीमागं आणि पार वर वाशांच्या टोकांशीही गठ्ठ्यानं सापडले आहेत. कोठ्याच्या सावलीतल्या, कधीच ऊन न लागणाऱ्या भिंतीला जास्त असतात असा माझा अंदाज आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. गावरान कोंबड्या गोचीड वेचून खातात, त्यांना कोठ्यात फिरू द्या. फक्त फवारणीनंतर काही दिवस कोंडून ठेवा. गॅसच्या ज्योतीनं भेगा शेकणं चांगलं काम करतं, पण दगड-विटांच्या कोठ्यातच. गवती छपर किंवा कुटार जवळ असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अंगावरची फवारणी:
- डेल्टामेथ्रीन 1.25 टक्के: 1 लिटर पाण्यात 2 ते 3 मिलि
- किंवा अमित्राझ 12.5 टक्के: 1 लिटर पाण्यात 2 मिलि (घोड्याला नको)
- आधी पाणी पाजा, तोंडाला मुसकं बांधा
- कानाच्या आत, शेपटीखाली, जांघेत, कासेजवळ, केसांच्या उलट दिशेनं
- जखम असेल तर नको. लहान वासरांना डॉक्टरांना विचारून
- पुन्हा 15 दिवसांनी

कपाशीचं उरलेलं औषध ढोरांना लावू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, आणि गाय तर आपलं अंग जिभेनं चाटते. कपाशीचा पंपही वापरू नका, धुतला तरी त्यात अंश राहतो. ढोरांचा पंप वेगळाच ठेवा.

दुकानदार पाठीवर ओतायचं महागडं औषध पुढं करेल, सोबत लिव्हर टॉनिकची बाटली देईल. ओतायचं औषध काही आठवडे काम करतं हे खरं, पण भेगा तशाच असतील तर ते पुन्हा पुन्हा विकत घ्यावं लागतं. एखाद्या औषधानं गोचीड मरेनासे झाले तर मात्रा दुप्पट करू नका. डेल्टामेथ्रीन आणि सायपरमेथ्रीनला दाद न देणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत; अशा वेळी औषधाचा गट बदला. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला स्वतःहून टोचू नका, ते दुधात उतरतं.

हातानं काढलेला गोचीड जमिनीवर टाकला की तो भेगेत जाऊन अंडी घालणार, म्हणून रॉकेलच्या डब्यात टाका. नखानं चिरडू नका. हायलोमा गोचिडांतून माणसाला काँगो ताप होऊ शकतो. 2011 मध्ये गुजरातेत त्यानं माणसं दगावली. हातमोजे घाला आणि रोज काढा. थायलेरियाचे जंतू गोचिडाच्या लाळेत तयार व्हायला चिकटल्यावर दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात निघाला तर जनावर वाचतं.

ताप 104 च्या वर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्यांतून पाणी, धाप: थायलेरिया समजा आणि त्याच दिवशी 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. कॉफीसारखी लघवी असेल तर बबेसिया. लघवी साफ पण डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या-पिवळ्या दिसत असतील तर ॲनाप्लाझ्मा, हाही गोचिडातून येणारा रक्ताचा रोग. तिघांची औषधं वेगवेगळी आहेत. थायलेरियाला बुपार्वाकोन, किलोमागं 2.5 मिलिग्रॅम, तेही लवकर दिलं तरच. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घ्यायला डॉक्टरांना सांगा. नुसत्या अँटिबायोटिकनं थायलेरिया बरा होत नाही, त्यात वेळ मात्र जातो. बरी झालेली गाय जंतू बाळगून राहते, काचेवर ते दिसेलच असं नाही, पीसीआर या प्रयोगशाळेतल्या तपासणीत सापडतात. तिच्या खुंट्याभोवतीच्या भेगा सगळ्यात आधी बुजवा. दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना थायलेरियाची लस असते. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून दवाखान्यातच विचारा.

कोठ्यातल्या कुत्र्याला मात्र उगाच दोष देऊ नका. त्याचा तपकिरी गोचीड बहुतेक वेगळ्या जातीचा असतो, पण लपतो त्याच भेगांत, आणि कुत्र्याला एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे रोग देतो. कुत्र्यानं गोचीड चावून खाल्ला तर हेपॅटोझून हा तिसरा जंतू. खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं, पोटावर लाल ठिपके दिसले तर रक्त तपासून घ्या. डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते सहसा चार आठवडे चालतं, आठ दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला तरी मधेच बंद करू नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन त्याला देऊ नका.