उन्हाळ्यात वाटेत गाडी तापली तर काय करायचं

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की गाडी तापणारच, असं ठामपणे सांगणारा एक तरी जण प्रत्येक पानठेल्यावर भेटतो. धडधाकट गाडीला मात्र अकोल्या-चंद्रपूरच्या 45 अंशांचं फारसं काही वाटत नाही. इंजिनात फिरणारं पाणी बारा महिने साधारण 90 ते 100 अंशांवरच असतं. गाडी तापते ती पाणी कमी झालं, पंखा बंद पडला, पाणी फिरवणारा पंप गेला किंवा ते पाणी निववणारा रेडिएटर चोंदला म्हणून. हिवाळ्यात हे दुखणं झाकून जातं, मे महिन्यात उघडं पडतं.

काटा वर चढायला लागला की

तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला की आधी एसी बंद करा. मग खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा. भर दुपारी हीटर लावायला सांगितलं की शेजारी बसलेला माणूस तुमच्याकडं संशयानं पाहील, पाहू द्या. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत ओढून घेतो. चिखलदऱ्याचा घाट चढत असाल तर वरच्या गिअरमध्ये रेटू नका. खालचा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा.

बऱ्याच छोट्या गाड्यांना हल्ली काटाच नसतो. थंड इंजिनाला निळा दिवा आणि तापलेल्याला लाल, एवढंच. लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ निघाली तर हीटरचा उपाय करत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्यांच्या गाड्यांचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, त्याखालचं गॅसकेट जळतं आणि एका वेचणीचा कापूस मिस्त्रीच्या दुकानात जातो.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे वर गेलेला काटा कधी कधी एकदम खाली येतो. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचं दाखवतो. अशा वेळी गाडी बरी झाली असं समजून पुढं निघालात तर इंजिन जाम होऊ शकतं.

थांबल्यावर

सावली बघून थांबा, पण वाळलेल्या गवतावर गाडी चढवू नका. तापलेल्या सायलेन्सरनं धुऱ्यावरचं गवत पेट घेऊ शकतं. चारही इंडिकेटर लावा आणि त्रिकोण मागं बराच लांब ठेवा. हायवे असेल तर पोराबाळांना घेऊन रस्त्यापासून दूर उभे राहा, बंद गाडीत कोणालाही बसवू नका. गाडीतलं पिण्याचं पाणी आधी माणसांना द्या, रेडिएटरचा नंबर त्यानंतर.

वाफ निघत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उचलू नका. उचलण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा विजेचा पंखा आपोआप फिरू लागतो, आणि दुपट्ट्याचं टोक त्यात गेलं तर मान ओढली जाईल.

आता वाट बघायची. थंडीत अर्धा तास पुरला तरी मे महिन्यात तासभर धरून चाला. लवकर निवावं म्हणून इंजिनावर बादली ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तासाभरानं वरचा जाड रबरी पाइप कापडानं दाबून बघा. टणक लागला तर अजून थांबा. मऊ आणि कोमट लागला तर झाकणावर जाड कापड धरून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. काही गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं, त्याला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवरच चुडीचं, म्हणजे आट्यांचं, झाकण असतं. तिथंही हाच नियम.

पाणी कोणतं टाकायचं

हमखास चूक होते ती इथं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी खारं असतं. दर्यापूर-मूर्तिजापूरकडं रस्त्यालगतच्या शेतातली मोटर चालू दिसते, हात चटकन कॅनकडं जातो. असं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार सोडतं आणि आतल्या धातूला खातं. गाडी त्या दिवशी घरी पोचते, पण पुढच्या उन्हाळ्याचं दुखणं बरोबर घेऊन. गावात आता आरओचं कॅन मिळतं, तेच घ्या. दुसरं काहीच नसेल तर नाइलाजानं विहिरीचं स्वच्छ पाणी टाका, पण त्या आठवड्यातच सगळं काढून, आतून धुवून नवं कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव, भरा.

नुसतं पाणी हा कायमचा उपाय नाही. कूलंटमुळं पाणी उशिरा उकळतं आणि गंज धरत नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे नेहमीचं प्रमाण. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. वेगवेगळ्या जातीचं कूलंट एकत्र करू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात.

पुढं जायचं की टोचन?

पाणी भरून इंजिन सुरू करा आणि खाली वाकून बघा. एसी चालू असताना गाडीखाली टपकलेलं स्वच्छ, गार पाणी एसीचं असतं, त्याचं काही नाही. हिरवं, लाल किंवा निळं टपकत असेल तर पाइप, क्लॅम्प किंवा रेडिएटर गळतोय. मग एसी लावून बघा, पंखा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज तपासा आणि बदलायचा झाल्यास तेवढ्याच अँपिअरचा टाका. फक्त पंखाच गेला असेल तर मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यानं गाडी निभावते. रेल्वे फाटकावर किंवा आठवडी बाजाराच्या गर्दीत मात्र पुन्हा तापते.

बेल्ट तुटला असेल, ऑइलच्या दांडीवर दुधाळ फेस दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर गाडी अजिबात चालवू नका. टोचन करून न्या, ऑटोमॅटिक असेल तर ट्रकवर चढवूनच. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा नंबर लावता येतो. मेळघाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकडं निघण्याआधीच बाटलीतलं कूलंट बघून घ्या.

घरी, निघण्याआधी

सकाळी इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्स या दोन खुणांमध्ये आहे का ते बघा. दर वेळी थोडी कमी होत असेल तर कुठंतरी गळती आहे, वरून भरत राहू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही. नवीन झाकण स्वस्त असतं, तरी बदलायचं कोणाला सुचत नाही. आणि गाडी शेतात नेत असाल तर सोयाबीनचा भुसा आणि कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. इंजिन थंड असताना साध्या पाइपच्या पाण्यानं ते धुवा, शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं त्या पातळ पट्ट्या मोडतात.