एकाच भांड्यात पोरांची अळणी आणि आमचा तांबडा

आमच्या घरी रविवारी मटण ठरलेलं. मोठ्यांना तांबडा रस्सा हवा, धाकटीला तिखटाचा वासही नको आणि थोरल्याला कांद्याचा तुकडा दिसला की ताट पुढे सरकतं. दोन-दोन कुकर लावण्यापेक्षा इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर मी असं बसवलं.

आधी 'सॉटे'वर तेलात आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ घालून मटण परतायचं. मग पाणी ओतून लाकडी उलथन्याने तळ नीट खरवडायचा. इथे आळस नको. तळाला काही करपलं की पडद्यावर 'बर्न' येतं आणि दाब धरत नाही. घट्ट वाटण या टप्प्यावर अजिबात घालायचं नाही. हाय प्रेशरवर 30 मिनिटं, मग 15 मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची. गॅसवरच्या कुकरपेक्षा यात दाब कमी, म्हणून वेळ जास्त.

ही झाली अळणी, म्हणजे मीठ असलेलं पण तिखट न घातलेलं मटण नि त्याचं पाणी. पोरांचा वाटा इथेच पातेल्यात काढायचा. त्यात काजू-खसखशीचं वाटण नि नारळाचं दूध घालून मंद गॅसवर ठेवलं की पांढरा रस्सा. खळखळून उकळला तर फुटतो. कुकरमधल्या मटणात कांदा-लसूण चटणी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-तिळाचं वाटण, आणि पुन्हा 'सॉटे', तवंग येईपर्यंत.

एरवी खाली तूरडाळ, वर स्टँडवर डब्यात भात. डाळीत लाल भोपळा टाकते. घोटला की थोरल्याला कळत नाही. धाकटी मात्र ओळखते.